सोलर आलं, पवनचक्क्या आल्या. मग साक्रीच्या पोरांनी सुरतेची बस का धरायची?

पांझराकाठ
आयटीआयला असताना सरांनी आम्हाला शिवाजीनगरला नेलं होतं. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातला महानिर्मितीचा तो १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प, २०१३ मध्ये उभा राहिलेला. निळ्या काचांचं शेत बघून आम्ही वायरमन ट्रेडची पोरं हरखून गेलो. सर म्हणाले, "नशीब काढलंत, काम घराशी चालत आलंय." ब्राह्मणवेलच्या डोंगरावर पवनचक्क्या तर आधीपासून फिरत होत्याच.

आता हिशेब ऐका. आमच्या वर्गातले दोघं प्रकल्पांवर वॉचमन आहेत. एक जण पॅनल धुणाऱ्या ठेकेदाराकडे, तोही पावसाळाभर घरी. मी आणि अजून सहा जण सुरतेकडे पॅनलच्या कारखान्यांत. म्हणजे सौरऊर्जेत रोजगार मिळालाच, पण त्यासाठी बस धरावी लागली. आमचे आईबाप ऊसतोडीला बारडोलीकडे जायचे, आम्ही बारा तासांच्या पाळीला जातो. रस्ता तोच.

माझं म्हणणं असं : ऊन आमचं, वारा आमचा, जमीन आमची, पण पगार जिथे पॅनल बनतं तिथे. प्रकल्प उभा राहीपर्यंत सहा-आठ महिने गावात ट्रॅक्टर, जेसीबी, डबेवाले सगळ्यांना काम असतं. मग कुंपणाला कुलूप लागतं. नवा प्रकल्प मंजूर करताना सरकारनं निदान दुरुस्तीची आणि सुट्या भागांची कामं आमच्याच जिल्ह्यातल्या नरडाण्याच्या एमआयडीसीत आणायची अट घालावी. नाहीतर 'हरित रोजगार' हा शब्द भाषणापुरता ठेवावा.

दीपनगर_सेवानिवृत्त
पोरा, मी हे दहा वर्षं सांगतोय आणि लोक मला कोळशाचा दलाल म्हणतात. औष्णिक केंद्राभोवती गाव वसतं. भुसावळजवळ दीपनगरला ५०० मेगावॅटचे दोन संच आणि आता ६६० चा नवा. कॉलनी, शाळा, कोळशाच्या वाघिणी, राखेच्या विटांच्या भट्ट्या, बॉयलरच्या वार्षिक दुरुस्तीला बाहेरून येणारे वेल्डर, त्यांना खोल्या भाड्यानं देणारे, त्यांच्या डब्याच्या पोळ्या लाटणाऱ्या बायका. तुझ्या शिवाजीनगरच्या गेटसमोर चहाची टपरी तरी चालते का?

पांझराकाठ
@दीपनगर काका, एक होती. बंद पडली.

छतावरचा
या धाग्यात सगळे रडतायत म्हणून लिहितो. मी जळगावात छतावरचं सोलर बसवतो. २०२१ ला मी आणि माझा मेहुणा, दोघंच होतो. छतावरच्या सोलरसाठीची पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, ३ किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान सुरू झालं, आणि आज माझ्याकडे ११ माणसं आहेत. स्ट्रक्चरचा वेल्डर, दोन वायरमन, अर्थिंगचे खड्डे घेणारे, महावितरणच्या कार्यालयात नेट मीटरच्या (घेतलेली आणि दिलेली वीज मोजणाऱ्या मीटरच्या) फायलीमागे फिरणारा एक चिवट मुलगा (सगळ्यात अवघड काम त्याचंच), हिशेबाला एक ताई. सगळे जळगाव, भुसावळ, धरणगावचे. एकानेही बस धरलेली नाही.

पांझराकाठ, तुमची चूक एवढीच की तुम्ही रोजगार कुंपणाच्या आत शोधताय. तो गच्चीवर आहे. आणि काका, बॉयलरच्या आठवणी गोड आहेत, पण त्या भरतीत आज तुमच्या नातवाला कोण घेतंय? प्रकल्पग्रस्तांची पोरं वर्षानुवर्षं 'प्रगत कुशल प्रशिक्षणार्थी' म्हणून विद्यावेतनावर बसलीयत.

दीपनगर_सेवानिवृत्त
प्रशिक्षणार्थींचं खरं आहे. त्यावर मी भांडणार नाही. पण तुझी ११ माणसं अनुदानावर उभी आहेत. अनुदान बंद झालं की किती उरतील ते सांग.

आकडेमोड
पुण्यात बसून सल्ला देतोय, हे आधीच मान्य. सीईईडब्ल्यू आणि एनआरडीसी या ऊर्जा-पर्यावरणावर काम करणाऱ्या संस्थांच्या २०१७ च्या अभ्यासात दर मेगावॅटला लागणारी 'मनुष्यवर्षं' काढलीयत (एका माणसाचं एक वर्षाचं काम म्हणजे एक). छतावरचं सोलर २४.७२. जमिनीवरचं मोठं सोलर ३.४५. पवन १.२७. या मापानं १२५ मेगावॅटच्या प्रकल्पाला सगळी मिळून ४३१ मनुष्यवर्षं लागतात, आणि त्यातली बरीच उभारणीतच संपतात. तेवढंच काम छतावरच्या साडेसतरा मेगावॅटमध्ये निघतं, म्हणजे ३ किलोवॅटची जेमतेम ५,८०० घरं. तेव्हा पांझराकाठ आणि छतावरचा दोघेही बरोबर आहेत, फक्त दोन वेगळ्या वस्तूंबद्दल बोलतायत.

पण एक कडू गोष्ट. जास्त माणसं लागतात म्हणजे ती वीज दर युनिटला महाग पडते. रोजगार हाच हेतू असेल तर जेसीबीऐवजी कुदळी वाटा. वीज स्वस्त मिळाली तर नरडाण्यात कारखाने येतील, ते काम मोजायचं की नाही?

आणखी एक, 'हरित रोजगार'चे आकडे पेपरात वाचताना सांभाळून. आयरेना या आंतरराष्ट्रीय अक्षय ऊर्जा संस्थेच्या हिशेबात २०२३ मध्ये भारतात अशा नोकऱ्या सुमारे १० लाख २० हजार होत्या. त्यातल्या ४ लाख ५३ हजार जलविद्युतमधल्या. सोलरच्या ३ लाख १८ हजार. म्हणजे अजूनही सगळ्यात मोठा वाटा कोयनेच्या जातकुळीचा.

पठारावरून
सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातून. वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या आल्या तेव्हा आम्ही शाळेत होतो. तेव्हाची यंत्रं ३५० किलोवॅटची. मालक मुंबई-पुण्याचे, कारण यंत्र घेतलं की पहिल्याच वर्षी मोठा घसारा (यंत्राची झीज म्हणून खर्च) दाखवून कर वाचायचा. वारा हवा की सवलत हवी, हे तेव्हाही नीट कळलं नाही.

काम मिळालं, खोटं कशाला बोलू. माझा चुलतभाऊ टॉवरवर चढणारा टेक्निशियन झाला, आज तो तमिळनाडूत साइट सांभाळतो. पण ते शिकला तो एकटाच, बाकी सगळे चौकीवर. आता जुनी काढून मोठी यंत्रं बसवायची बोलणी आहेत. सहा जुन्यांच्या जागी २.१ मेगावॅटचं एक. सहा चौक्यांच्या जागीही एकच, हे ओघानं आलं. जून ते सप्टेंबर वारा, तेव्हा धावपळ. उरलेलं वर्ष पठारावर आम्ही आणि गुरं.

बीडवाले कुणी असतील तर लिहा. तिकडे पवनचक्कीच्या कामातला 'रोजगार' म्हणजे खंडणी, हे डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाल्यावर सगळ्या राज्याला ठाऊक झालंय.

वैजापूरकर
बीडचा नाही, पण मराठवाड्यातलाच. तुम्ही सगळे नोकरी म्हणजे पगार धरून चाललाय. आमच्या तालुक्यात धोंदलगावला शेतीला दिवसा वीज देणाऱ्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मधला पहिला प्रकल्प २०२४ मध्ये सुरू झाला. फक्त ३ मेगावॅट. त्यावर नोकऱ्या किती? बोटांवर मोजाव्या. पण ज्या फीडरला (शेतीच्या वीजवाहिनीला) दिवसा वीज येते तिथलं रात्री दोनला उठून दारं धरायला जाणं संपतं. विंचूकाटा, बिबट्या, थंडी, सगळं संपतं. रात्रीच्या पाण्याला गडी मिळत नव्हता, दिवसाच्या पाण्याला मिळतो. हा रोजगार कोणत्या खात्यात धरणार, आकडेमोड साहेब?

जमीनही विकावी लागत नाही. हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं, दरवर्षी ३ टक्के वाढ. माझ्या मुरमाड रानात तूर धड येत नाही, तिथे एवढं कोण देतंय?

पिंपळनेर_ताई
दादा, भाडं मालकाला मिळतं. त्या रानात निंदणीला येणाऱ्या बायकांना काय मिळतं ते कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहिते. आमच्याकडे कांदा लागवड, निंदणी, काढणी, सगळं रोजंदारीवर. जमीन पॅनलखाली गेली की सातबारावाल्याला घरबसल्या पैसे आणि आमच्या वस्तीतल्या बायकांचे हंगामाचे दिवस कमी. मुरमाड रान असेल तर ठीक, पण सबस्टेशनजवळची जमीन हवी असते, आणि आमच्याकडे सबस्टेशनजवळ बागायत आहे.

पॅनल धुवायला बायका घेतात, हे खरं. पण ठेकेदार एक, गावं चार. आणि मोबदल्याच्या गोष्टी आमच्या जिल्ह्यात जरा जपून सांगा. विखरणच्या धर्मा पाटलांनी जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात जाऊन विष घेतलं होतं, ते वीज प्रकल्पासाठी घेतलेल्या जमिनीपायीच.

वैजापूरकर
ताई, ते भूसंपादन होतं, हा भाडेपट्टा आहे, फरक आहे. पण निंदणीचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आमच्या घरी ते आईच बघायची.

आकडेमोड
वैजापूरकर, कुठल्याच खात्यात नाही. मोजायला हवं. ताईंचं तर वजाबाकीत धरायला हवं, आणि वजाबाकी कुणी छापत नाही.

छतावरचा
काका, तुमच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं राहिलं. अनुदान बंद झालं तर अकरापैकी सहा उरतील. दुकानं, कोल्ड स्टोरेज, रावेर-यावलच्या केळीवाल्यांची पॅकहाउसं यांचं बिल घरगुतीपेक्षा जास्त येतं, त्यांना अनुदानाशिवायही परवडतं. पाच जातील, हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय.

आणि माझी खरी अडचण अनुदान नाहीच. माणसं मिळत नाहीत! सोलरचं सरकारी सूर्यमित्र प्रशिक्षण घेतलेला मुलगा येतो, तीन महिन्यांचं प्रमाणपत्र दाखवतो, पण पत्र्याच्या शेडवर पाय कुठे टाकायचा ते माहीत नसतं. पांझराकाठ, तुम्ही कारखान्यात पॅनल जोडता, वायरमन आहात. परत का येत नाही? मला दोन माणसं आत्ता हवीयत.

पांझराकाठ
पगार?

छतावरचा
सुरुवातीला सतरा हजार. साइट वाढल्या की वरचे पैसे.

पांझराकाठ
सुरतेत खोलीभाडं आणि खानावळ जाऊन हातात साधारण तेवढेच उरतात, तेव्हा आकडा वाईट नाही. पण मागच्या वर्षी माझा एक मित्र अशाच एका ठेकेदाराकडे चार महिने होता. तिसऱ्या मजल्यावर सेफ्टी बेल्ट नव्हता, दोरी पाण्याच्या टाकीला बांधायचे. घसरला, टाच मोडली, दवाखान्याचं बिल घरच्यांनी भरलं. कारखान्यात निदान ईएसआय (कामगार विमा) कापतात. तुमच्याकडे विमा आहे का, आणि कुणाच्या नावावर?

छतावरचा
बेल्ट आहेत. विमा सात जणांचा आहे. चौघांचा काढायचा आहे.

दीपनगर_सेवानिवृत्त
त्या चौघांत खड्डे घेणारे असतील.

छतावरचा
हो.

पांझराकाठ
दिवाळीला गावी येतोय. तोवर अकराही जणांचा निघाला तर जळगावला येऊन भेटतो, सोबत अजून एक जण आहे.