बाळ गेल्यावर हॉस्पिटलमध्ये मीटिंग होते म्हणतात. तिथे आमचे प्रश्न कोण मांडणार?

भांडुपकर: माझ्या बहिणीचं बाळ गेल्या महिन्यात पोटातच गेलं. 38 वा आठवडा चालू होता. संध्याकाळी हालचाल कमी वाटली म्हणून जवळच्या प्रसूतिगृहात गेलो, तिथून मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत बराच वेळ गेला, पुढे एलबीएस रोडला ट्रॅफिक. पोचल्यावर सोनोग्राफीत ठोके नव्हते. डिस्चार्ज कार्डवर नुसतं 'आययूएफडी', म्हणजे बाळ पोटातच गेलं, एवढंच लिहिलंय. ताई सारखी विचारते, दुपारीच निघाले असते तर? डॉक्टर म्हणाले, अशा केसची मीटिंग होते. तिथे काय होतं? आम्हाला भांडायचं नाही, कळून घ्यायचंय.

निवृत्त_सिस्टर: दादा, वाचून फार वाईट वाटलं. लेबर रूमची इनचार्ज म्हणून मी या मीटिंगांना बसले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

अशा मीटिंगांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची 2016 ची मार्गदर्शिका आहे: मृत्यूची नोंद, माहिती गोळा करणं, कारण शोधणं, उपाय ठरवणं, ते अमलात आणणं, आणि उपयोग झाला का ते बघणं. नावं झाकून चर्चा करायची, कुणाला दोषी ठरवायला बसायचं नाही. आपल्याकडे बालमृत्यू अन्वेषणाच्या केंद्राच्या सूचना 2014 च्या; उपजत मृत्यूंसाठी, म्हणजे मृतच जन्मलेल्या बाळांसाठी, 2016 मध्ये वेगळ्या आल्या.

कागदावर हे उत्तम आहे. पण टेबलावर येतो तो केसपेपर. त्यात 'पेशंट रिसीव्ड, एफएचएस अॅबसेंट' (पेशंट आली, बाळाचे ठोके नाहीत) एवढंच असलं की चर्चा तिथेच थांबते, 'कारण अज्ञात' लिहून पुढची केस. प्रसूतिगृहात ठोके किती वाजता ऐकले, किती होते, रेफर करायचं कधी ठरलं, गाडी कधी निघाली, या वेळा दोन वेगळ्या संस्थांच्या कागदांत विखुरलेल्या असतात. त्या शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय उशीर कुठे झाला ते दिसत नाही. घरून निघायला, वाटेत, की दारात पोचल्यावर? माझ्या मते सगळ्यात मोठी उणीव हीच, रेफर करणाऱ्या प्रसूतिगृहातलं कुणी मीटिंगला नसतं.

तुम्ही एक करा. ताईला आठवतंय ते वेळेनिशी लिहून काढा: शेवटची हालचाल, फोन, गाडी. फोनच्या कॉल लॉगमध्ये वेळा सापडतील. ते पत्र युनिटच्या मॅडमना द्या आणि 'चर्चेत ठेवावे' असं स्पष्ट लिहा. इंग्लंडमध्ये 2018 पासूनच्या पद्धतीत आईवडिलांचे प्रश्न आधी विचारून घेतात आणि निष्कर्ष त्यांना समजावून सांगतात. आपल्याकडे मी हे होताना पाहिलं नाही, म्हणून मागावंच लागतं. केसपेपरच्या प्रतीसाठी लेखी अर्ज करा. 72 तासांत द्यावेत असा मेडिकल कौन्सिलचा 2002 चा नियम आहे. प्रसूतिगृहातही वेगळा अर्ज करा.

सूक्ष्मदर्शक: पॅथॉलॉजीत काम करतो. वार (प्लॅसेंटा, पोटात बाळाला रक्त पुरवते ती) तपासायला पाठवली होती का, ते आधी विचारा. बाळाचं शवविच्छेदन बहुतेक घरचे नाकारतात, आणि ते समजण्यासारखं आहे. पण वारेतून बरंच कळतं: रक्तपुरवठा तुटला होता का, जंतुसंसर्ग होता का, वाढ आधीपासून खुंटली होती का. फॉर्मॅलिनमध्ये (टिकवून ठेवणाऱ्या द्रावणात) ठेवली असेल तर रिपोर्ट निघतो. टाकून दिली असेल तर ती संधी गेली.

परळची_आई: मी यातून गेले आहे. ताई नोकरी करत असेल तर तिला पूर्ण प्रसूती रजा मिळते. कायद्यात मूल म्हणजे उपजत मूलही धरलंय. माझ्या एचआरला हे माहीत नव्हतं. आणि 'दुपारीच निघाले असते तर' हा प्रश्न तिला एकटीला उरात घेऊन बसू देऊ नका. तोच प्रश्न डॉक्टरांसमोर मोठ्याने विचारा.

भांडुपकर: मनापासून आभार. सिस्टर, जन्म-मृत्यू नोंदणीच्या कागदावर कारण सापडेल का?

निवृत्त_सिस्टर: तिथे फार आशा ठेवू नका. मृत्यूचं कारण तपशिलात लिहायचा नमुना 4 उपजत बाळासाठी वापरत नाहीत. उपजत मृत्यूची नोंद नमुना 3 वर होते, त्यात कारणासाठी जेमतेम एक रकाना. म्हणून केसपेपर आणि वारेचा रिपोर्ट हेच खरे कागद. दोन्ही एका फाइलमध्ये लावा. पुढच्या वेळी दिवस राहिले की पहिल्याच तपासणीला ती फाइल डॉक्टरांपुढे ठेवा; साखर, बीपी आणि बाळाच्या वाढीवर किती बारीक लक्ष ठेवायचं ते त्यावरून ठरेल.