'ओपन वर्ल्ड'ला काय म्हणावं : खुलं, मुक्त की मोकळं?

मी व्हिडिओ गेमबद्दल मराठीत लिहितो. ज्या गेमच्या नकाशावर खेळणाऱ्याला हवं तिथे फिरता येतं, त्याच्या जगाला 'ओपन वर्ल्ड' म्हणतात. त्यासाठी आजवर 'मुक्त जग' लिहीत आलो. परवा एका मैत्रिणीने विचारलं, "मुक्त कशापासून?" मला उत्तर सुचेना. शिवाय खेळणाऱ्याच्या 'फ्रीडम'ला 'स्वातंत्र्य' म्हटलं की थेट १९४७ आठवतं. कुणी शब्द सुचवेल का?

प्रतिसाद १

मैत्रिणीचा प्रश्न रास्त आहे. 'मुक्त'ला आधी बंधन लागतं : कर्जमुक्त, बंधमुक्त. 'मुक्त विद्यापीठ' रुळलं, कारण तिथे प्रवेशाच्या अटी सैल झाल्या. 'खुलं' म्हणजे फक्त भिंत किंवा दार नसणं. म्हणून तर 'खुलं कारागृह' हा शब्द चालतो; भिंत नाही, पण कैदी कैदीच. गेमच्या नकाशासाठी मला हाच शब्द योग्य वाटतो. पुष्कळ गेमचं जग खुलं असतं, मैलोन्‌मैल घोडा दौडवा, पण काम मात्र ठरल्या जागी, ठरल्या क्रमानेच करायचं.

खेळणाऱ्याला जे मिळतं त्याला 'मोकळीक' म्हणा. निन्टेन्डो कंपनीचा 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' (२०१७) हा गेम बघा. सुरुवातीचं पठार उरकून हवेत तरंगायचं कापड हाती आलं, की थेट शेवटच्या शत्रूच्या किल्ल्यावर चालून जाता येतं. मरालच बहुतेक, पण अडवत कुणी नाही.

त्यात विजेची कोडी आहेत. दोन टोकं जोडायला लोखंडी ठोकळे ठेवलेले असतात. मला ते नीट बसवता येईनात, म्हणून पाठीवरच्या तलवारी काढून जमिनीवर एकीला एक टेकवून मांडल्या. वीज पलीकडे पोहोचली, दार उघडलं! कारण त्या जगात धातू सगळीकडे धातूच असतो. वादळात तीच तलवार हातात धरली तर वीज अंगावर पडते; शत्रूजवळ फेकली तर त्याच्यावर. गवत पेटवलं की गरम हवा वर उठते आणि कापड उघडून आपणही तिच्यासोबत वर जातो. नियम थोडे, पण कुठेही न बदलणारे. नियमांवर असा भरवसा बसला की डोकं चालायला लागतं.

याला 'सर्जनशीलता' म्हणू नका, फार जड होतं. आपल्याकडे नेमका शब्द आहे : शक्कल. शक्कल लढवायची ती हाताशी असलेल्या सामानातून आणि अडचणीच्या वेळीच.

प्रतिसाद २

'खुलं' आणि 'शक्कल' पटलं. 'मोकळीक' मात्र खटकतं. मोकळीक कुणीतरी देतं, बाप मुलाला देतो तशी. त्यात खेळणाऱ्याचं स्वतःचं काय राहिलं?

प्रतिसाद १ (पुन्हा)

म्हणूनच तर तो शब्द खरा! गेममध्येही कुणीतरी देतंच. कोणत्या भिंतीवर चढता येईल, पाऊस आला की हात किती घसरेल, हे सगळं घडवणाऱ्याने ठरवलेलं असतं. 'मुभा'ही चालेल, पण मुभा एकेका गोष्टीची असते. मोकळीक वागण्याची असते.

प्रतिसाद ३

'माइनक्राफ्ट' या गेमसाठी 'शक्कल' अपुरी पडेल. तिथे कोडंच नसतं. ठोकळे फोडा, रचा, तारेसारखं काम करणाऱ्या 'रेडस्टोन' नावाच्या लाल भुकटीने जोडण्या करा. लोकांनी त्यातून चालणारी गणकयंत्रं बनवली आहेत. अशा गेमना 'सँडबॉक्स' म्हणतात. 'वाळूची पेटी' असं भाषांतर वाचलं आणि वाईट वाटलं. आमच्या अंगणात दिवाळीत किल्ला व्हायचा. विटांवर पोतं, पोत्यावर चिखल, उतारावर हळीव, आणि तळं कुठे करायचं यावरून भांडण. महाराज गडावर बसवले की खेळ संपत नसे, तिथून सुरू होई. 'किल्लाखेळ' म्हटलं तर मराठी पोराला समजावून सांगावं लागणार नाही.

मूळ लेखक

पुढच्या लेखापासून नकाशाला 'खुलं जग' आणि खेळणाऱ्याच्या 'फ्रीडम'ला 'मोकळीक' लिहीन. 'किल्लाखेळ' फार आवडला, पण किल्ला न बांधणाऱ्या गेमलाही तो लावता येईल का, याबद्दल मन अजून साशंक आहे. तोवर 'सँडबॉक्स'च ठेवतो. तुम्ही 'किल्लाखेळ' वापरून दोन-चार वाक्यं लिहून दाखवाल का?