मदत हवी आहे: वयोगटानुसार स्त्री-पुरुषांचे आकडे

नमस्कार मंडळी, मी नाशिकच्या सिडकोत बारावीला भूगोल शिकवते. मुलांकडून लोकसंख्येचा मनोरा (वयोगटानुसार स्त्री-पुरुषांचा आडव्या पट्ट्यांचा आलेख) काढून घ्यायचाय. 2011 च्या जनगणनेचा सी-14 तक्ता हाताशी आहे, त्यात वयाचे पाच-पाच वर्षांचे गट मिळतात. वयाच्या एकेका वर्षाचा सी-13 तक्ता तर फारच बोलका! 30, 35, 40 या वयांना आकडा एकदम फुगतो, कारण लोक वय अंदाजानं सांगतात. देशात तेव्हा हजार पुरुषांमागे 943 स्त्रिया, पण 0 ते 6 वयात हजार मुलांमागे जेमतेम 919 मुली. हा फरक मुलांनी स्वतः पट्टीनं मोजावा असं मनापासून वाटतं.

अडचण अशी, की 2036 पर्यंतचे सरकारी अंदाज राज्यापाशीच थांबतात. नाशिक जिल्ह्यासाठी 2011 नंतरचे वयोगटनिहाय आकडे कुणी वापरलेत का? कुठून घेतले, कृपया सांगाल का?