पाचवी ते सातवीच्या मुलांना प्रथमोपचार: नेमकं काय शिकवावं?

जांबोटीकडचा_मास्तर
कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात जंगलाला लागून आमची मराठी उच्च प्राथमिक शाळा आहे. शनिवारी अर्धा तास मिळतो. माहितीपत्रकं सीपीआरपासून (बंद पडलेल्या हृदयासाठी छाती दाबणं) सुरू होतात, इथं मात्र साप, कुत्रं, घोळणा आणि फिट. दहा-बारा वर्षांच्या पोरांना यातलं काय जमेल, आणि काय शिकवूच नये?

सिस्टर_खानापूर
सर, साप आधी घ्या. पोरांनी तीनच कामं करायची: मोठ्याला हाक मारायची, चावलेल्याला जागेवरून हलू द्यायचं नाही, वेळ पाटीवर लिहायची. पैंजण, कडं, काळा दोरा सूज यायच्या आत काढा. पायाला नकाशाची काठी लावून ओढणीनं सैल बांधा, बोट आत गेलं पाहिजे. चालवत नेऊ नका, स्नायू हलले की विष लवकर पसरतं.

आवळपट्टी, म्हणजे दंशाच्या वर घट्ट आवळून बांधायची पट्टी, शिकवूच नका. घोणस किंवा फुरसं असेल तर विष एकाच जागी कोंडून मांस सडतं. आधीच कुणी बांधली असेल, तर वाटेत सोडू नका. अडकलेलं विष एकदम अंगात जातं. ती दवाखान्यात डॉक्टरच सोडतील.

साप मारून आणायचीही गरज नाही. आपल्याकडचं औषध नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच आहे. मण्यारीच्या दंशाला सूज नसते, दुखतही नाही म्हणून घरचे झोपवतात आणि पहाटे पापण्या मिटायला लागतात. रात्री जमिनीवर झोपलेलं पोर पोटात दुखतं म्हणून उठलं, तर आधी ही शंका घ्या.

जांबोटीकडचा_मास्तर
लहान पोराला औषध कमी देतात का? पालक हमखास विचारतात.

सिस्टर_खानापूर
नाही. सापानं सोडलेलं विष पोराच्या वजनावर ठरत नाही, म्हणून डोस मोठ्या माणसाइतकाच.

सीमेवरचा_कंपाउंडर
108 ला, म्हणजे रुग्णवाहिकेला फोन करायचा सराव घ्या. चंदगडच्या बाजूला मोबाईल महाराष्ट्राचा टॉवर पकडतो, फोन तिकडच्या केंद्राला लागू शकतो. म्हणून आधी राज्य, जिल्हा, तालुका, गाव, मग देऊळ किंवा बसथांबा अशी खूण. पलीकडून कन्नड आलं तर पोरं गप्प होतात. ‘हावु कच्चिदे, आंबुलन्स कळिसि’ एवढं घोटून घ्या. पलीकडच्यानं ठेवेपर्यंत फोन ठेवायचा नाही.

कुत्रं चावलं तर नळाखाली साबणानं 15 मिनिटं, घड्याळ लावून. चुना, तिखट, हळद नको. ओरखडा असला तरी त्याच दिवशी लस.

पीटी_टीचर
घोळणा फुटला की मान मागे टाकतात, तेच चूक. रक्त घशात उतरतं आणि उलटी होते. बसवून पुढे वाकवा, नाकाचा मऊ भाग 10 मिनिटं सलग दाबा. मध्ये सोडून बघितलं की गुठळी सुटते.

फिटमध्ये कांदा, चप्पल, चमचा काही नको. तोंडात घातलेल्या वस्तूनं दात तुटतात. डोक्याखाली दप्तर, झटके थांबले की कुशीवर. 5 मिनिटांच्या वर गेलं तर 108.

सीपीआर सातवीला दाखवा. मोठ्या माणसाची छाती 5 सेंमी दाबायची असते, पाचवीतल्या बहुतेक पोरांचं तेवढं वजन पडत नाही.

एसडीएमसीकडून (शाळेची विकास व देखरेख समिती) प्रथमोपचार पेटी मागताना कापसाऐवजी गॉज (जाळीदार पट्टी) लिहा. कापसाचे धागे जखमेत चिकटतात.