कॉफी सोडणाऱ्याला ‘हुबेहूब कॉफी’ देऊ नका

रानजाई
काल येथे एक लेख आला: ‘कॉफी सोडणे अगदी सोपे आहे; चिकोरीची किंवा भाजलेल्या जवाची पूड आणा, चव हुबेहूब तीच, फरक कळणारही नाही.’ मी गप्प राहणार होते, पण त्याखाली कितीतरी जणींनी ‘उद्यापासूनच सुरू करते’ असे लिहिलेले पाहून राहवले नाही. बावीस वर्षे दिवसाला चार कप फिल्टर कॉफी पिणारी मी नेमक्या याच वाक्यावर विश्वासून फसले होते. चिकोरी म्हणजे भाजून दळलेले एक मूळ. तिला रंग आहे, कडवटपणा आहे, करपलेल्या साखरेसारखा गोडसर वासही आहे. पण कॉफीचा किंचित आंबटपणा आणि तिचा दरवळ तिच्यात नाही, आणि हे पहिल्याच घोटाला कळते. दुसऱ्या दिवशी दुपारी डोके इतके ठणकू लागले की मी त्या पुडीलाच दोष दिला आणि संध्याकाळी पुन्हा फिल्टर लावला. वास्तविक कॅफीन एकदम तोडले की साधारण १२ ते २४ तासांत डोकेदुखी सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत ती सर्वांत जास्त असते आणि काहींना आठवडाभर पुरते. याविषयी त्या लेखात एक अक्षर नाही. पुढच्या खेपेला मी दर आठवड्याला एकच कप कमी केला आणि त्या वेळी कॉफीची नक्कल न पिता धने, जिरे, सुंठ भाजून केलेल्या पुडीचे पेय दूध-गूळ घालून घेतले. त्याची कॉफीशी तुलना करावीशीच वाटली नाही, म्हणून ते टिकले.

पितळी फिल्टर
रानजाईताई, डोकेदुखीविषयीचे आपले म्हणणे मान्य आहे, निष्कर्ष मुळीच मान्य नाही. मला धने-जिऱ्याचा वास आला की लहानपणीचा ताप आठवतो. ते पेय मला रोज सकाळी आजारी असल्यासारखे वाटायला लावी. मला काळा रंग, कडू चव आणि हातातला गरम पेला हवा होता, आणि भाजलेल्या जवाने ते तिन्ही दिले. चार वर्षे झाली, रात्री अकराला झोप लागते. आपल्याला नक्कल नको म्हणून इतरांनाही ती देऊ नका, असे सांगण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

कोकणकडा
माझी तक्रार वेगळी आहे. परदेशातून आलेल्या जवाच्या पुडीसाठी एवढे पैसे का मोजायचे? आमच्या आजीकडे पावसाळ्यानंतर टाकळ्याच्या बिया गोळा करून, खमंग भाजून, कुटून त्यांची कॉफी होत असे. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत असताना आरोग्यावर जे लेख लिहिले, त्यांतही गहू लालसर-काळे होईपर्यंत भाजून दळावेत आणि त्या पुडीवर उकळते पाणी ओतावे, अशी कृती आहे. घरात गहू आहे, कढई आहे, आणखी काय हवे?

लेखणी
गहू आणि जव दोन्हींत ग्लूटेन असते, हेही कोणीतरी लिहायला हवे होते. माझ्या भाचीला सिलिअॅक, म्हणजे ग्लूटेन न सोसण्याचा आजार, आहे. तिला ही पेये चालत नाहीत.

सांजवात
चवीच्या वादापेक्षा गंभीर गोष्ट सांगते. छातीत धडधड होते म्हणून डॉक्टरांनी आईची कॉफी बंद केली. तिने दुकानात ‘चिकोरी कॉफी’ मागितली, दुकानदाराने पाकीट दिले. तीन आठवडे ती कॉफी सोडल्याच्या समाधानात होती आणि रात्रभर जागीच असे. शेवटी मी पाकीट उलटून पाहिले: कॉफी ५३ टक्के, चिकोरी ४७ टक्के. कॉफीत स्वस्त मूळ मिसळायचे आणि नाव कॉफीचेच ठेवायचे, ही मला सरळ फसवणूक वाटते.

पितळी फिल्टर
ही फसवणूक नव्हे. आपल्याकडे अशा मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असावीच लागते आणि प्रमाण पाकिटावर छापणे बंधनकारक आहे. नेपोलियनने १८०६ मध्ये इंग्रजी व्यापाराची कोंडी केली, तेव्हा कॉफी दुर्मिळ झाल्याने युरोपात चिकोरी घरोघरी पोहोचली. दक्षिणेत तर ती आता चवीसाठी मुद्दाम घालतात, कारण तिने डिकॉक्शनला, म्हणजे फिल्टरमधून उतरलेल्या अर्काला, दाटपणा येतो. माटुंग्यात वाढलेल्या मला तिच्याविना कॉफी पातळ वाटत असे. पाकीट वाचले असते तर हा प्रसंग आला नसता.

सांजवात
आई बहात्तर वर्षांची आहे आणि ती अक्षरे तांदळाच्या दाण्याहून बारीक होती. ज्या नियमाचा आपण हवाला देता, तो तिच्या डोळ्यांपर्यंत पोहोचत नसेल, तर तिला दोष देताना आपल्याला संकोच वाटायला हवा होता.

पितळी फिल्टर
शेवटचे वाक्य लिहायला नको होते; ते मागे घेतो. मिश्रण ही फसवणूक आहे, हे मात्र मी अजूनही मानत नाही.

कोकणकडा
खरा घोळ नावात आहे. गवती चहात चहाची पत्ती नसते, तरी आपण त्याला चहा म्हणतो, आणि निम्म्या घरांत तो पत्ती घालूनच उकळतात. कॅफीन टाळणाऱ्याने ‘यात काय घातले आहे’ एवढेच विचारावे.

सांजवात
दुकानदाराला तेच विचारले होते. ‘चिकोरीच आहे’ असे उत्तर मिळाले. आता आईसाठी नुसती भाजलेली चिकोरी वेगळी आणली आहे. झोप सुधारली, मात्र पहिल्या आठवड्यात पोट फुगत असे, तेव्हा दोन चमच्यांवरून एकावर आलो. त्या मुळातल्या इन्युलिन या तंतुमय पदार्थाने काहींना वायू होतो.

रानजाई
एका आईचे चिकोरीवर भागते आणि एका गृहस्थांचे जवावर, हे दिसत असताना शीर्षकातील ‘देऊ नका’ हे शब्द मला मागे घ्यावे लागतात. ते आनंदाने घेत नाही. ‘फरक कळणारही नाही’ हे वाक्य मात्र त्या लेखकाने काढावे. त्याच्या जागी डोकेदुखी किती दिवस राहते ते लिहावे, आणि पाकिटावर चिकोरी १०० टक्के आहे का, ते पाहायला सांगावे. कोकणकडा, टाकळ्याच्या बिया किती वेळ भाजायच्या ते आजीच्या पद्धतीने लिहाल का?