आई-वडिलांची पॉलिसी वेगळीच घ्या

भाऊ, तुम्ही विचारलंय की नवरा-बायको, दोन मुलं आणि आई-वडील अशा सहाही जणांची आरोग्य विम्याची एकच फ्लोटर पॉलिसी (म्हणजे विम्याची एकच रक्कम सगळ्यांत मिळून वापरायची) घ्यावी का. माझं मत, घेऊ नका. फ्लोटरचा हप्ता घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो. शिवाय वडिलांच्या एका ऑपरेशनमध्ये रक्कम संपली, तर वर्षभर मुलांना काय उरणार? तुम्हा चौघांची एक, त्या दोघांची वेगळी.

आपल्या खानदेशात आणखी एक गोष्ट तपासायलाच हवी. काही कंपन्या जळगाव-धुळ्याच्या पत्त्यावर हप्ता कमी लावतात, पण उपचार मुंबईत घेतले की बिलाचा काही टक्के वाटा आपल्यावर येतो. मोठं दुखणं आलं की आपण नाशिक, मुंबई गाठतो, नंदुरबारवाले सुरत. त्यामुळे ही अट आधी वाचा.

पॉलिसीत हॉस्पिटलच्या खोलीभाड्याची मर्यादाही बघा. दिवसाची मर्यादा ३,००० रुपये आणि खोली ६,००० ची घेतली, तर नुसता भाड्यातला फरक जात नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटरचा खर्चही त्याच प्रमाणात निम्मा कापला जाऊ शकतो.

वडिलांची बीपीची गोळी फॉर्मवर लिहाच. एजंट "राहू द्या" म्हणाला तरी लिहा. जुन्या आजारांचा प्रतीक्षा काळ, म्हणजे त्या आजारांचा खर्च कंपनी देत नाही तो सुरुवातीचा काळ, २०२४ पासून जास्तीत जास्त ३ वर्षं आहे, तो परवडतो. लपवल्यावर नाकारलेला क्लेम परवडत नाही. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत परत करता येते, तेवढ्यात नीट वाचून काढा.