मदत हवी आहे : इन्फ्लमेटरी ब्रेस्ट कॅन्सर, खानापूर तालुका (जि. बेळगाव)

आत्याला (वय ५२) हा निघालाय. गाठ कुठेच लागत नव्हती. स्तन लाल, गरम, कातडी संत्र्याच्या सालीसारखी. ब्लाऊजची शिवण उमटली की लवकर जायची नाही. आधी इन्फेक्शन समजून अँटिबायोटिक्स दिली, उतार नाही. मग बायोप्सी. हर-टू पॉझिटिव्ह, म्हणजे कॅन्सरच्या पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन जास्त. आधी केमो आणि ट्रास्टुझुमॅब (हर-टूवरचं औषध), मग ऑपरेशन, नंतर रेडिएशन असा क्रम सांगितलाय.

अडलंय पैशाशी. महाराष्ट्राने २०२३ मध्ये कर्नाटकातल्या ८६५ सीमागावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू केली. आपल्याकडच्या कुणाला कोल्हापुरात प्रत्यक्ष लाभ मिळाला का? कागद कोणते लागले, दाखला कुणी दिला? ट्रास्टुझुमॅब त्यात बसतं का? रेडिएशन बेळगावातच झालं तर बरं, रोजची ये-जा तिला झेपणार नाही.

लेप-काढे सुचवू नका, ते सांगणारे गल्लीत पुष्कळ आहेत.